मेटफॉर्मिन: गिळल्यापासून लघवीतून बाहेर पडेपर्यंत

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की बहुतेकांच्या हाती पहिली गोळी येते ती मेटफॉर्मिनची. ती जेवणासोबतच का घ्यायची, सुरुवातीला पोट का बिघडतं, डॉक्टर क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय हे सांगणारा रक्तातला घटक) का तपासायला लावतात, सीटी स्कॅनच्या आधी ‘मेटफॉर्मिन चालू आहे का?’ असं का विचारतात, हे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात. पण सगळ्यांचं उत्तर एकाच माहितीत आहे: हे औषध शरीरात कुठून शिरतं, कुठे जमा होतं आणि कुठून बाहेर पडतं.

रेणूचा स्वभाव

मेटफॉर्मिनचा रेणू लहान असतो, पाण्यात सहज विरघळतो आणि शरीरात असताना त्याच्यावर कायम धन विद्युतभार असतो. पेशीचं आवरण मात्र स्निग्ध पदार्थांचं असतं. भार असलेला रेणू त्यातून आपला आपण आत जाऊ शकत नाही. त्याला आत घेणारी खास प्रथिनं त्या आवरणात असावी लागतात, त्यांना वाहक प्रथिनं म्हणतात. ही पेशीची दारं समजा. ज्या पेशीला मेटफॉर्मिनसाठी दार आहे तिथे ते शिरतं, जिथे नाही तिथे बाहेरच राहतं. अशी दारं सर्वांत जास्त असलेले अवयव तीन: लहान आतडं, यकृत आणि मूत्रपिंड. औषधाचा मुख्य फायदा यकृतात, रोजचा त्रास आतड्यात आणि क्वचित येणारा धोका मूत्रपिंडाशी निगडित, हे त्यावरूनच ठरतं.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. मेटफॉर्मिन रक्तातल्या प्रथिनांना जवळजवळ चिकटत नाही, आणि यकृत त्याचं दुसऱ्या कशात रूपांतर करत नाही. जसं गिळलं तसंच ते लघवीतून बाहेर पडतं. त्यामुळे यकृतातल्या विकरांवर (एन्झाइमवर) अवलंबून असलेल्या पुष्कळ औषधांशी त्याचा संघर्ष होत नाही, ही मोठी सोय आहे. पण बाहेर पडायचा रस्ता एकच असल्यामुळे मूत्रपिंड मंदावलं तर दुसरा पर्याय उरत नाही.

आतड्यातून रक्तात

साधी, म्हणजे लगेच विरघळणारी गोळी घेतली तर मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. तिथली दारं ठरावीकच असतात आणि ती लवकर भरून जातात. म्हणून ५०० मिलिग्रॅमच्या गोळीतलं साधारण ५० ते ६० टक्के औषध रक्तात पोचतं आणि उरलेलं आतड्यातच राहतं. गोळीतलं प्रमाण वाढवत नेलं तर रक्तातली पातळी त्याच हिशेबात वाढत नाही, कारण शोषणाचं प्रमाण घटत जातं. १,००० मिलिग्रॅम एकाच वेळी घेण्याऐवजी ५०० सकाळी आणि ५०० रात्री असं विभागून देण्यामागे हेही एक कारण आहे.

रक्तातली पातळी सुमारे अडीच तासांनी सर्वांत वर जाते. रक्तद्रवातलं अर्धं औषध साधारण सहा तासांत निघून जातं, आणि शोषलेल्यापैकी सुमारे ९० टक्के पहिल्या २४ तासांत लघवीवाटे बाहेर पडतं. साध्या गोळीचे दोन किंवा तीन डोस लागतात ते यामुळे. रोज नियमाने घेतली तर एक-दोन दिवसांतच रक्तातली पातळी स्थिर होते.

जेवणासोबत घेतल्यावर साध्या गोळीचं शोषण थोडं कमी होतं आणि थोडं लांबतं. तरीही ती जेवणासोबतच घ्यायची, कारण रिकाम्या आतड्यावर सगळं औषध एकदम आदळलं की मळमळ आणि जुलाब वाढतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचं उलटं आहे. तिच्या पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतात. अन्नासोबत घेतली तर या गोळीचं शोषण वाढतं, जवळपास दीडपट होऊ शकतं. अन्नामुळे जठर सावकाश रिकामं होतं, गोळी वरच्या भागात जास्त वेळ रेंगाळते आणि जिथे दारं आहेत तिथेच औषध सुटत राहतं. उपाशीपोटी घेतलेली हीच गोळी लवकर पुढे सरकते आणि औषधाचा बराचसा भाग वाया जातो. ‘जेवणासोबत’ ही सूचना दोन्ही गोळ्यांना आहे, कारणं मात्र वेगळी आहेत.

यकृतात नेमकं काय घडतं

आतड्यातून निघालेलं रक्त सगळ्यात आधी यकृतात जातं. त्यामुळे इतर शरीरापेक्षा यकृताला मेटफॉर्मिन जास्त प्रमाणात मिळतं आणि ओसीटी१ नावाचं वाहक प्रथिन ते यकृताच्या पेशींत ओढून घेतं.

आपण काही खाल्लेलं नसतं तेव्हाही मेंदूला आणि तांबड्या पेशींना ग्लुकोज लागतं. ते यकृत पुरवतं. एक मार्ग साठवलेल्या ग्लायकोजेनचा, दुसरा नव्याने ग्लुकोज तयार करण्याचा. या दुसऱ्या मार्गासाठी कच्चा माल म्हणून लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि काही अमिनो आम्लं वापरली जातात. निरोगी माणसात इन्सुलिन या कामाला लगाम घालतं. टाइप २ मधुमेहात यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि गरज नसताना ग्लुकोज बनवत राहतं. रात्री जेवून झोपलेल्या माणसाची सकाळची उपाशीपोटीची साखर १६० किंवा १८० कशी, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न. ती साखर रात्रभर यकृताने तयार केलेली असते.

मेटफॉर्मिन नेमकं हेच उत्पादन कमी करतं. पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामध्ये जाऊन ते ऊर्जानिर्मितीची साखळी थोडी मंद करतं. ऊर्जा कमी पडल्याची खूण पेशीला मिळते आणि एएमपीके हे विकर जागं होतं. ते ऊर्जा खर्च करणारी कामं कमी करतं, आणि नवं ग्लुकोज बनवणं हे फार खर्चिक काम आहे. शिवाय यकृताला ‘साखर सोड’ असा आदेश देणाऱ्या ग्लुकागॉन संप्रेरकाचा जोरही मेटफॉर्मिनमुळे ओसरतो, आणि लॅक्टेट व ग्लिसरॉलपासून ग्लुकोज बनण्याच्या पायऱ्या अडतात. यातला कोणता परिणाम प्रमुख यावर संशोधकांत अजून एकमत नाही. रोजच्या डोसमध्ये यकृतात जेवढं औषध पोचतं तेवढ्याने मायटोकॉन्ड्रिया किती मंदावतात, हा त्या वादाचा गाभा आहे. परिणामाबद्दल मात्र वाद नाही: यकृतातून बाहेर पडणारं ग्लुकोज घटतं आणि उपाशीपोटीची साखर खाली येते.

आतड्याचा वाटाही लहान नाही. आतड्याच्या भिंतीत मेटफॉर्मिनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. तिथल्या पेशी रक्तातलं ग्लुकोज जास्त वापरू लागतात, जीएलपी-१ हे संप्रेरक थोडं वाढतं आणि आतड्यातल्या जिवाणूंची घडण बदलते. पेट स्कॅनमध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आतडं इतकं उजळ दिसतं की पोटातली एखादी गाठ त्या उजेडात झाकली जाऊ शकते. म्हणून तशा तपासणीआधी बऱ्याच ठिकाणी ही गोळी सुमारे ४८ तास बंद ठेवायला सांगतात.

मेटफॉर्मिन काय करत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला भाग पाडत नाही. त्यामुळे एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणं फार दुर्मीळ आहे. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास ही गोळी घेणाऱ्या कुणाला झालाच, तर सोबत ग्लिमेपिराइडसारखं दुसरं औषध किंवा इन्सुलिन आहे का हे आधी पाहावं. जेवण चुकवून भरपूर दारू घेतली असेल तरीही असं होऊ शकतं. मेटफॉर्मिनने वजन वाढत नाही, काहींचं दोन-तीन किलो उतरतं. यात जीडीएफ१५ या भूक कमी करणाऱ्या प्रथिनाचा हात असल्याचं अलीकडच्या संशोधनातून पुढे आलं आहे.

डोस किती आणि परिणाम कधी

सुरुवात सहसा ५०० मिलिग्रॅमपासून, दिवसातून एकदा किंवा दोनदा. पोटाने साथ दिली तर दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅम वाढवत नेतात. बहुतेकांना मिळायचा तो फायदा दिवसाला १,५०० ते २,००० मिलिग्रॅममध्ये मिळून जातो. साध्या गोळीची कमाल मर्यादा अनेक ठिकाणी २,५५० मिलिग्रॅम धरतात, पण २,०००च्या पुढे साखर फारशी आणखी उतरत नाही, पोटाचा त्रास मात्र वाढतो. ५०० मिलिग्रॅमवर वर्षानुवर्षं अडकून ‘मेटफॉर्मिन मला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. तो डोस मुळात पोटाला सवय लागावी म्हणून असतो.

उपाशीपोटीची साखर काही दिवसांत उतरू लागते आणि एक-दोन आठवड्यांत फरक स्पष्ट दिसतो. एचबीए१सीसाठी मात्र थांबावं लागतं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. महिन्याभरात ही तपासणी करून निराश होण्यात अर्थ नाही, तीन महिन्यांनी करावी. पूर्ण डोसवर एचबीए१सी साधारण १ ते १.५ टक्क्याने खाली येतं. ज्यांचं मुळात जास्त आहे त्यांचं जास्त उतरतं.

डोस चुकला आणि पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा. दोन एकदम घेऊ नयेत.

गॅलेगापासून १९९८पर्यंत

या औषधाचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातल्या वनस्पतीत आहे. तिच्यातलं गॅलेगिन हे द्रव्य साखर कमी करतं, पण विषारी आहे. त्याच घराण्यातला मेटफॉर्मिनचा रेणू १९२२मध्ये डब्लिन इथे एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी प्रयोगशाळेत तयार केला. माणसांतल्या मधुमेहावर तो वापरल्याचा अहवाल फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ साल उजाडलं. एवढ्या उशिराचं मोठं कारण होतं फेनफॉर्मिन हे त्याचं भावंड, त्याबद्दल पुढे येईलच.

१९९८मध्ये ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निष्कर्ष आले. जास्त वजन असलेल्या, नव्याने निदान झालेल्या रुग्णांत सुमारे दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मेटफॉर्मिन गटात मधुमेहाशी संबंधित मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी दिसले. या गटात ३४२ रुग्ण होते, म्हणजे संख्या फार मोठी नव्हती, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचावा. तरी नुसती साखर उतरवण्यापलीकडे फायदा असू शकतो हे त्यातून पुढे आलं आणि मेटफॉर्मिन पहिल्या पसंतीचं औषध झालं. आज हृदयविकार, हृदयाची अकार्यक्षमता किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना एसजीएलटी२ किंवा जीएलपी-१ या गटांतली मधुमेहावरची नवी औषधं मेटफॉर्मिनची वाट न पाहता दिली जातात. हा बदल योग्यच आहे. त्याने मेटफॉर्मिन कालबाह्य ठरत नाही.

पोट बिघडतं तेव्हा

मळमळ, पोट फुगणं, जुलाब, तोंडात धातूसारखी चव. सुरुवातीच्या काही आठवड्यांत हे पुष्कळांना होतं. चवीचं कारण सरळ आहे, मेटफॉर्मिन लाळेतही उतरतं. जुलाबाची कारणं अनेक: आतड्याच्या भिंतीत साचलेलं औषध, मोठ्या आतड्यात जास्त जाणारे पित्तक्षार, बदललेले जिवाणू. ओसीटी१ या दाराची रचना जनुकांमुळे सगळ्यांत सारखी नसते, आणि ज्यांच्यात ते कमी काम करतं अशा काहींना त्रास जास्त होतो. म्हणजे एकाच घरातल्या दोघांना एकाच गोळीचा वेगळा अनुभव येणं हा मनाचा खेळ नाही.

उपाय क्रमाने करावेत. आधी डोस मागच्या पायरीवर आणून दोन आठवडे तिथेच थांबावं. गोळी जेवणाच्या आधी घेत असाल तर जेवणाच्या मध्यावर किंवा लगेच नंतर घ्यावी. तरी जमलं नाही तर डॉक्टरांना सांगून हळू विरघळणारी गोळी मागावी. तिच्यात औषध एका चिकट पदार्थाच्या जाळ्यात अडकवलेलं असतं, पाणी लागलं की त्याची जेलीसारखी लगदी होते आणि औषध कित्येक तास झिरपत राहतं. रक्तातली पातळी चार ते आठ तासांनी वर पोचते आणि आतड्यावर एकदम मारा होत नाही. एवढं करूनही शंभरातल्या पाचेक जणांना मेटफॉर्मिन सोडावंच लागतं. त्यांच्यासाठी दुसरी चांगली औषधं आहेत, अंगावर काढण्याची गरज नाही.

हळू विरघळणारी गोळी तोडू, चावू किंवा कुटू नये. जाळं मोडलं की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. कधी कधी या गोळीचं मऊ टरफल शौचातून अख्ख्या गोळीसारखं बाहेर पडतं. ते पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि गोळी पचलीच नाही असं समजून दुसरी घेतात. तसं करू नये, औषध आधीच निघून गेलेलं असतं आणि उरलेलं असतं ते रिकामं जाळं.

एक बारकावा डॉक्टरांकडूनही निसटतो. वर्षानुवर्षं व्यवस्थित सोसलेली गोळी मध्येच जुलाब करू लागते. अशा वेळी आतड्याच्या तपासण्यांची रांग लावण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ-दहा दिवस मेटफॉर्मिन थांबवून पाहणं सोपं आणि शहाणपणाचं असतं.

मूत्रपिंड आणि लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस

मूत्रपिंड मेटफॉर्मिन नुसतं गाळत नाही. नलिकांच्या पेशी ओसीटी२ या दाराने ते रक्तातून आत घेतात आणि मेट१ व मेट२-के या दारांनी लघवीत ढकलतात. त्यामुळे ते क्रिएटिनिनपेक्षा सुमारे साडेतीन पट वेगाने बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं की हा वेग घटतो आणि तोच डोस रक्तात साचू लागतो.

साचलं तर बिघडतं काय? मघाशी सांगितलेला कच्चा माल आठवा. स्नायू, तांबड्या पेशी आणि आतडं रोज लॅक्टेट तयार करतात आणि यकृत ते उचलून त्याचं ग्लुकोज करतं. मेटफॉर्मिन हाच मार्ग मंद करतं. ज्या क्रियेने साखर उतरते त्याच क्रियेने लॅक्टेटची उचलही थोडी कमी होते. नेहमीच्या डोसला शरीर हे सहज निभावतं. पण औषध खूप साचलं, किंवा जंतुसंसर्ग, हृदयाचा झटका, श्वसनाचा आजार अशा कारणाने पेशींना प्राणवायू कमी पडून लॅक्टेटचं उत्पादनच वाढलं, किंवा यकृत निकामी झालं, तर ते रक्तात चढत जातं आणि रक्त आम्लधर्मी होतं. लॅक्टेट लिटरला ५ मिलिमोलच्या वर आणि पीएच ७.३५च्या खाली गेला की त्याला लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस म्हणतात. लक्षणं फसवी असतात: गळून जाणं, अंग दुखणं, पोटदुखी, उलट्या, झोप आवरेनाशी होणं, जोरजोराने खोल श्वास लागणं. हा तातडीने रुग्णालयात नेण्याचा प्रसंग आहे. गंभीर अवस्थेत डायलिसिस करतात. मेटफॉर्मिन प्रथिनांना चिकटलेलं नसल्यामुळे ते डायलिसिसने चांगलं निघतं, रेणूच्या त्या गुणाचा इथे असा उपयोग होतो.

हे किती घडतं? एक लाख लोकांनी वर्षभर मेटफॉर्मिन घेतलं तर दहापेक्षा कमी जणांत, आणि त्यांच्यातही बहुतेकांना सोबत दुसरा गंभीर आजार असतो. फेनफॉर्मिनमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त होतं. तो रेणू जास्त स्निग्धप्रेमी, मायटोकॉन्ड्रियाला घट्ट चिकटणारा, आणि त्याचा निचरा यकृतातल्या अशा विकरावर अवलंबून, जे काही लोकांत जन्मतःच दुबळं असतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते बहुतेक ठिकाणी बंद झालं, पण त्याची भीती मेटफॉर्मिनला दीर्घकाळ चिकटून राहिली. ती भीती अवाजवी आहे, खबरदारी मात्र अवाजवी नाही.

खबरदारी घ्यायची ती ईजीएफआर पाहून, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज पाहून. क्रिएटिनिनचा नुसता आकडा दिशाभूल करतो, म्हणूनच २०१६मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जुनी क्रिएटिनिनची मर्यादा सोडून ईजीएफआरचा निकष आणला. क्रिएटिनिन १.२ असेल तर ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ८३ येतो. तोच १.२ आकडा ७० वर्षांच्या स्त्रीचा असेल तर ईजीएफआर ४९च्या आसपास येतो. प्रयोगशाळेचा अहवाल दोघांचंही क्रिएटिनिन जवळपास ‘नॉर्मल’ दाखवेल, पण मेटफॉर्मिनच्या दृष्टीने दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ईजीएफआर ६०च्या वर असेल तर नेहमीचा डोस आणि वर्षातून एकदा तपासणी पुरते. ४५ ते ५९मध्ये औषध चालू राहतं, तपासणी तीन ते सहा महिन्यांनी होते. ३० ते ४४मध्ये नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर फायदा-तोट्याचा विचार करून सहसा डोस निम्म्यावर, दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या आत आणतात. ३०च्या खाली मेटफॉर्मिन बंद. त्यात तडजोड नाही. मेटफॉर्मिनने मूत्रपिंड खराब होतं हा समज मात्र उलटा आहे. ते मूत्रपिंडाला इजा करत नाही, इजा आधीच झालेली असेल तर तेच साचतं.

ईजीएफआर उत्तम असलेल्या माणसाचंही मूत्रपिंड दोन दिवसांत कोलमडू शकतं. जोराच्या उलट्या-जुलाब, तापात पोटात पाणी न टिकणं, अंगातलं पाणी आटणं. अशा आजारपणात मेटफॉर्मिन थांबवावं आणि नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा चालू करावं. एसजीएलटी२ गटातलं औषध चालू असेल तर तेही थांबवावं लागतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवी वाढवणाऱ्या औषधांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीच बंद करू नये. आजारपणाचा हा नियम प्रकृती बरी असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेऊन औषधांच्या डब्यात ठेवावा, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. उलट्या सुरू झाल्यावर विचारायला सवड नसते.

आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे अवयव ठळक दिसावेत म्हणून टोचलं जाणारं द्रव्य, देऊन होणाऱ्या स्कॅनची चिंता हीच आहे. कॉन्ट्रास्टने मूत्रपिंड काही दिवस मंदावू शकतं. ईजीएफआर ६०च्या खाली असेल, यकृताचा आजार, हृदयाची अकार्यक्षमता किंवा दारूचं व्यसन असेल, किंवा कॉन्ट्रास्ट धमनीतून द्यायचा असेल, तर तपासणीच्या वेळी गोळी बंद करतात आणि ४८ तासांनी ईजीएफआर पुन्हा पाहूनच सुरू करतात. मोठ्या शस्त्रक्रियेतही उपाशी राहायच्या काळात ती थांबवतात.

दारूचा मुद्दा वेगळा नाही. यकृत दारूचा निचरा करायला लागलं की लॅक्टेटचं ग्लुकोज करण्याचं काम मागे पडतं, म्हणजे मेटफॉर्मिनच्याच दिशेने आणखी एक धक्का बसतो. एका बैठकीत भरपूर पिणं आणि रोज बेसुमार पिणं, दोन्ही टाळायला हवं.

बी१२ची सावकाश झीज

बी१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्या क्रियेला कॅल्शियम लागतं. मेटफॉर्मिन तिथे अडथळा आणतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा, सहसा चारेक वर्षांनंतर दिसते. डोस जितका जास्त आणि काळ जितका लांब, तितकी शक्यता अधिक. मांसाहार न करणाऱ्यांचा, वयस्कर व्यक्तींचा आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांचा साठा मुळात कमी असू शकतो.

पायांना मुंग्या, तळव्यांची आग, बधिरपणा ही मधुमेहातल्या नसांच्या विकाराची लक्षणं, आणि बी१२च्या कमतरतेचीही हीच. ‘साखरेमुळे होतंय’ असं म्हणून पुढे जाणं सोपं असतं, पण पहिला विकार पूर्ण बरा होत नाही आणि दुसरा वेळेत पकडला तर होतो. म्हणून काही वर्षांपासून मेटफॉर्मिन घेणाऱ्याने दोन-तीन वर्षांतून एकदा बी१२ तपासावं. मुंग्या, अशक्तपणा किंवा हिमोग्लोबिन घटलेलं असेल तर लगेच. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊन रक्त सुधारतं, पण नसांची हानी आतून चालूच राहते, हा धोकाही माहीत असावा. कमतरता सापडली तरी मेटफॉर्मिन सोडावं लागत नाही, बी१२ गोळीने किंवा इंजेक्शनने भरून काढता येतं.

सोबतची औषधं

मूत्रपिंडातली बाहेर काढणारी दारं इतर काही औषधंही वापरतात किंवा अडवतात. आम्लपित्तावरचं सिमेटिडीन घेतल्यास रक्तातलं एकूण मेटफॉर्मिन सुमारे ४० टक्के वाढतं. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर ते त्याहून बरंच जास्त वाढवतं, म्हणून तेव्हा मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. स्टेरॉइडच्या गोळ्या मेटफॉर्मिनला हात लावत नाहीत, पण साखर स्वतःच वाढवतात.

पीसीओएस या बीजांडकोशाच्या विकारासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्त्रियांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: थांबलेली बीजनिर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते. पाळी अनियमित आहे म्हणून गर्भधारणा होणार नाही असं गृहीत धरू नये.

आणि शेवटी पाकीट. मेटफॉर्मिन आज ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन अशा औषधांसोबत एकाच गोळीत मिळतं. पाकिटावर ब्रँडचं नाव मोठं आणि घटकांची नावं बारीक असतात. डॉक्टर बदलले की जुनी साधी मेटफॉर्मिन आणि नवी संयुक्त गोळी दोन्ही चालू राहतात, आणि कुणाच्याही नकळत डोस दिवसाला ३,००० मिलिग्रॅमवर जातो. घरातली सगळी पाकिटं एकत्र काढा, प्रत्येकावरचे घटक वाचा, मेटफॉर्मिन लिहिलेल्या प्रत्येक गोळीचे मिलिग्रॅम कागदावर मांडा आणि दिवसाची बेरीज करा. ती बेरीज आणि शेवटचा ईजीएफआर असलेला कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा.